दिंडीतून वाकून आत: तुरुंगरक्षकाचं पात्र लिहिताना

या वेळी आलेले सगळे प्रश्न एकाच पेशाभोवती फिरतात. पोलीस, वकील, डॉक्टर आपण रोज बघतो, त्यामुळे त्यांना लिहिताना हात अडत नाही. तुरुंगावरचा रक्षक मात्र भिंतीआड असतो आणि तिथे लेखक सिनेमातून उधारी करतो. उत्तरं लांबली आहेत, सांभाळून घ्या.

माझ्या कादंबरीचा नायक सोलापूरच्या तुरुंगात रक्षक आहे. काळ 1995 चा. पहिल्याच प्रकरणात तो कमरेला पिस्तूल लावून बराकीत शिरतो आणि जन्मठेप भोगणाऱ्या दोन कैद्यांना बेड्या घालून कोर्टात नेतो. एका निवृत्त गृहस्थांना वाचून दाखवलं, तर ते हसले. काय चुकलं? — सोलापूर

चार गोष्टी चुकल्या, आणि चारही पहिल्याच पानावर.

बराकीत बंदूक नेत नाहीत. एका आवारात पन्नास-साठ माणसं आणि त्यांच्यात एक रक्षक, असा हिशोब असतो. हत्यार त्याच्याकडे असलं तर ते कुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. म्हणून हत्यारी पहारा तटावर आणि दरवाज्याबाहेर. आतल्या माणसाकडे लाठी आणि शिट्टी, बस्स. तुमच्या नायकाची भीती आणि त्याचा दरारा या दोन वस्तूंतून उभा करा. पिस्तुलापेक्षा ते अवघड आहे, पण तिथेच पात्र आहे.

दुसरं, कैद्याला कोर्टात रक्षक नेत नाही, पोलीस नेतात. पोलीस खातं आणि तुरुंग खातं ही दोन वेगळी खाती. वर्दी दोघांची खाकी, म्हणून बाहेरच्यांचा घोळ होतो. सकाळी पोलिसांची पार्टी गाडी घेऊन येते. दरवाज्यात एकेकाचं नाव, बापाचं नाव, अंगावरची खूण पडताळून माणूस ताब्यात दिला जातो, सही होते, आणि तिथून पुढची जोखीम पोलिसांची. संध्याकाळी उलटा कार्यक्रम. रक्षकाला कोर्टात काय घडलं ते दिसत नाही. परत आलेल्या माणसाच्या चालीवरून तो ओळखतो. हे वापरा.

तिसरं, बेड्या. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्येच सरसकट हातकड्या घालण्यावर बंधन आणलं. 1995 च्या गोष्टीत त्या दिसल्याच, तर का घातल्या याचं कारण कुठेतरी नोंदलेलं असायला हवं.

चौथं सगळ्यात महत्त्वाचं. सोलापूरचा तुरुंग जिल्हा कारागृह आहे. तिथे मुख्यतः न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीतले कच्चे कैदी. लांब शिक्षा लागली की रवानगी येरवड्यासारख्या मध्यवर्ती कारागृहात. त्यामुळे तुमच्या बराकीत एकसारख्या पांढऱ्या कपड्यांची रांग दिसणार नाही. कच्चा कैदी स्वतःच्या कपड्यांत असतो. कुणाची कामगारवस्तीतली बनियन-लुंगी, कुणाची इस्त्रीची पँट, जी तीन आठवड्यांत चोळामोळा होते. नवखा कोण आणि मुरलेला कोण, हे रक्षक कपड्यांवरून सांगू शकतो.

आणखी एक, विचारलेलं नाही तरी. पदांची नावं नीट घ्या. शिपाई, त्याच्यावर हवालदार, मग सुभेदार, आणि त्यानंतर तुरुंगाधिकारी, ज्याला बाहेरचे जेलर म्हणतात. वर उपअधीक्षक आणि अधीक्षक. शिपायाने थेट अधीक्षकांच्या खोलीत शिरून वाद घालायचा प्रसंग लिहिलात तर मधल्या चार पायऱ्या कुठे गेल्या, ते सांगावं लागेल.

रक्षकाच्या दिवसात घडतं तरी काय? तो नुसता उभा असतो असं वाटतं, आणि उभ्या माणसावर कथा कशी लिहायची? — बार्शी

तो उभा नसतो, मोजत असतो. या पेशाचं मूळ काम मोजणं. माणसं मोजायची, कुलुपं मोजायची, किल्ल्या मोजायच्या, कामावर वाटलेली खुरपी-कात्र्या मोजायच्या. याला कंटाळवाणं समजून टाळू नका. सगळा ताण यातच आहे.

उजाडताना बराक उघडते. उघडण्याआधी मोजणी, जोड्या करून बसवून. दोन-दोन बसले की नजरेने भरभर मोजता येतं आणि कुणी मागून पुढे सरकला तर कळतं. दुपारी जेवणानंतर पुन्हा काही वेळ आत. मग संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, शेवटची बंदी. रात्रीचं जेवण त्याआधीच वाटून झालेलं असतं, म्हणजे पाचच्या सुमारास. तुमच्या कथेत कैदी रात्री नऊला पंगतीत बसून भाकरी मोडत असतील तर ते खोडा. भाकरी त्याने संध्याकाळीच घेऊन ठेवलेली असते, आणि नऊ वाजता तो गार भाकरी खात असतो.

जाता जाता शब्दाची एक गंमत. तुरुंगाच्या कागदांत कैद्याला बंदी म्हणतात, आणि बराकीला कुलूप पडण्यालाही बंदीच. ‘बंदी झाली का?’ या वाक्यातली बंदी कोणती, हे आतल्यांना विचारावं लागत नाही. संवादात हा शब्द येऊ द्या, त्याचा अर्थ सांगत बसू नका.

आता मोजणीचा प्रसंग जवळून. समजा सकाळी आत 412 आहेत. 38 कोर्टात गेले, 37 परतले, एकाला छातीत दुखतं म्हणून पोलीस परस्पर सिव्हिलला घेऊन गेले. दोन सुटले. पाच नवीन आले. संध्याकाळी आत 414 हवेत, आणि दवाखान्यातला धरून पटावर 415. बराकींचे आकडे कागदावर उतरतात, बेरीज होते, आणि ती 413 येते.

पळाला असं कुणी लगेच म्हणत नाही. अनुभवी हवालदार आधी नेहमीची ठिकाणं बघतो. कुणी संडासात आहे का, स्वयंपाकघरातली टोळी धरली का, गाववाल्याशी बोलता बोलता कुणी शेजारच्या बराकीत राहिला का, दवाखान्याच्या खोलीतला माणूस दोनदा वजा झाला का. दहातल्या नऊ वेळा यातच सापडतो. पण सापडेपर्यंत एकही कर्मचारी घरी जात नाही. कर्मचाऱ्यांच्या लाइनीतल्या क्वार्टरमध्ये बायको सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेला निघायला पोरांना नटवून बसलेली असते आणि हा तिसऱ्यांदा एक, दोन, तीन करत असतो. कादंबरीच्या काळात भारतीय दंड विधानाचं कलम 223 लागू होतं: निष्काळजीपणामुळे कैदी निसटला तर ताबा असलेल्या सरकारी नोकराला दोन वर्षांपर्यंत साधी कैद. हे कलम रक्षकाला पाठ नसेल, पण त्याचा अर्थ पोटात असतो.

मोजणी जुळली की कुलूप लावून ते ओढून बघायचं. गज वाजवायचे. लाठी गजावर मारली की धड गज खणखणतो. कापलेला किंवा पायातून सैल झालेला बद्द वाजतो. शंभर गज वाजवताना लक्ष घरच्या भांडणात असेल तर एखादा बद्द आवाज कानावरून निघून जातो, आणि तो गेला हे दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं. मागे फिरायचं की नाही? एवढ्यावर एक चांगली लघुकथा उभी राहील.

रात्री कैद्याला अस्वस्थ वाटतं, रक्षक धावत कुलूप उघडून त्याला उचलतो. संपादकांनी हा प्रसंग ‘खोटा वाटतो’ म्हणून परत केला. — पंढरपूर

संपादकांचं बरोबर आहे. रात्रीच्या पहाऱ्यावरच्या माणसाकडे बराकीची किल्ली नसते. बंदीनंतर किल्ल्या मोजून जमा होतात, कुलूपबंद राहतात, आणि रात्री दार उघडायचं तर अधिकाऱ्याला उठवून, आणखी माणसं जमवून, मगच. कारण उघड आहे. ‘दुखतंय’ ही जुनी युक्ती आहे, आणि एकट्या माणसाने दार उघडलं की आतले साठ बाहेर येऊ शकतात.

म्हणजे तुमचा प्रसंग मरत नाही, उलट धारदार होतो. गजाच्या या बाजूला रक्षक, त्या बाजूला घामाघूम माणूस, मध्ये कुलूप, आणि किल्ली दोनशे पावलांवर. निरोप पाठवून तो काय करतो? आतल्या दुसऱ्या कैद्याला सांगतो, ‘त्याला टेकवून बसव, शर्टाची बटणं काढ.’ गजातून पाणी देतो. मिनिटं मोजतो. खरं दुखतंय की सोंग आहे, हे चेहऱ्यावरून ताडत राहतो, आणि मागे एकदा चुकीचं ताडलेलं असेल तर तेही आठवतं. तो धावत दार उघडतो त्यापेक्षा तो उघडू शकत नाही, हे जास्त बोलकं आहे.

माणूस दगावला तर गोष्ट तिथे संपवू नका. डिसेंबर 1993 पासून कोठडीतला मृत्यू राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला 24 तासांत कळवावा लागतो. पुढे चौकशी, जबाब, आणि ‘किती वाजता पाहिलंत, किती वाजता निरोप दिलात’ हा एकच प्रश्न दहा तऱ्हांनी. नोंदवहीतली वेळ आणि आठवणीतली वेळ यांत सात मिनिटांचा फरक असला, तर त्या सात मिनिटांत तुमचं पुढचं प्रकरण आहे.

भ्रष्ट रक्षक लिहायचा आहे. तो नोटांचं पुडकं घेतो आणि मोबाइल पुरवतो, एवढंच सुचतंय. — मोहोळ

मग तो भ्रष्ट रक्षक नाही, भ्रष्टाचाराचं पोस्टर झालं. पुडक्याने कुणी सुरुवात करत नाही.

सुरुवात दयेने होते. नवीन पोरगा आलाय, रडतोय, ‘साहेब, घरी फक्त सांगा मी बरा आहे.’ ड्युटी सुटल्यावर रक्षक एक फोन करतो. नियमाबाहेरचं आहे, पण माणुसकीचं आहे. आठवड्याने त्या पोराचा भाऊ चहाच्या टपरीवर भेटतो, आभार मानतो, चहाचे पैसे देऊ देत नाही. महिन्याने तोच भाऊ विचारतो, ‘पोराला तंबाखूवाचून जमत नाही हो.’ आता नाही म्हणायचं तर आधीचा फोन मध्ये येतो. तो फोन आता कैद्याच्या हातात आहे, ‘सांगू का मोठ्या साहेबांना?’ हे वाक्य उच्चारायचीही त्याला गरज नाही. किल्ली कुणाच्या कमरेला आणि ताबा कुणाकडे, हे उलटं झालं.

पैसा बहुतेक आत हाती पडत नाही. बाहेर, दुसऱ्याच्या हातून, दुसऱ्याच कारणाने फिटतो: बहिणीच्या लग्नातला मंडप, पोराची फी, दुकानातली उधारी. म्हणून रक्षक स्वतःलाही सांगू शकतो की आपण लाच घेतलेली नाही. हे स्वतःशी बोललेलं खोटं नीट लिहिलंत तर काम झालं.

कायद्याची बाजू 1895 किंवा 1995, दोन्हींना चालेल अशी: 1894 च्या तुरुंग कायद्यात कलम 9 प्रमाणे कर्मचाऱ्याने कैद्याशी कसलाही पैशाचा किंवा धंद्याचा व्यवहार करायचा नाही. मनाई असलेली वस्तू आत नेणाऱ्याला कलम 42 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा त्या काळचाच राहिला. पण रक्षकाला 200 रुपयांचं भय नसतं. भय निलंबनाचं, आणि लाइनीतल्या क्वार्टरचं. नोकरीबरोबर घर जातं, आणि शेजारपाजार सगळा खात्याचाच असल्याने आधी अब्रू जाते.

पकडला कसा जातो? दरवाज्यावरच्या रखवालदाराला आत-बाहेर जाणारी कुठलीही वस्तू तपासायचा अधिकार आहे, आणि त्यातून खात्याची माणसं सुटत नाहीत. पण गोष्टीत त्याला झडतीत पकडू नका, सोपं होतं. त्याला ज्याला तंबाखू मिळाली नाही तो दुसरा कैदी पकडून देतो.

महिला रक्षक कशी वेगळी? — अक्कलकोट

महिला विभाग तुरुंगातला तुरुंग असतो, आवारातलं वेगळं आवार. झडती बाईनेच घ्यायची, किल्ल्या बाईकडेच, आणि पुरुष कर्मचारी, अगदी अधिकारीसुद्धा, महिला कर्मचारी सोबत असल्याशिवाय आत येत नाही. त्यामुळे तिची सत्ता छोटी पण जवळजवळ पुरती असते. जिल्ह्याच्या ठिकाणी आत बायका थोड्याच असतात, सगळ्यांची नावं, खटले, नवऱ्यांची नावं तिला माहीत होतात. अंतर राखणं पुरुष रक्षकापेक्षा तिला अवघड जातं.

शिवाय पोरं. 2006 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. पोरावर गुन्हा नाही, तरी ते मोजणीच्या वेळी आईच्या मांडीवर असतं. झडतीची बाई दिसली की आपणहून दोन्ही हात पसरून उभं राहणारं तीन वर्षांचं पोर लिहा. त्या बाईचं काय होतं हे वेगळं सांगावं लागणार नाही. आणि तिला ‘मायाळू मावशी’ किंवा ‘खाष्ट सासू’ करू नका, हे दोन साचे फार झाले.

रक्षकाची भाषा कशी ठेवू? शिव्या किती? — सोलापूर, पूर्व भाग

शिव्या असू द्या, पण त्या कामाच्या ठिकाणी. दिवसभर शिव्या देणाऱ्याला आत कुणी घाबरत नाही. आवाज न चढवणाऱ्याला घाबरतात.

तुमच्या भागात राहून भाषेचा प्रश्न विचारलात, तर उत्तर दाराशीच आहे. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. तुरुंगातही तसंच. रक्षक मात्र बदलीवर आलेला असू शकतो, नगरचा, अमरावतीचा. वऱ्हाडातला असेल तर ‘काय बे’ ऐकून त्याला आधी घरचंच वाटेल, मग कळेल की इथला ‘बे’ वेगळ्या सुरात येतो.

भेटीचा प्रसंग घ्या. जाळीपलीकडे विणकर घरातली म्हातारी, अलीकडे तिचा मुलगा. बोलणं तेलुगूत. रक्षकाला बोलणं ऐकून लक्ष ठेवायचं असतं, आणि एक अक्षर कळत नाही. तो म्हणतो, ‘मराठीत बोला.’ म्हातारी मराठीत बोलते, पण तिला मराठीत फक्त बाजार करता येतो, रडता येत नाही. ‘जेवला का, बरा आहे का,’ एवढ्यावर वेळ संपतो. शेजारी तेलुगू येणारा दुसरा शिपाई असेल तर त्याच्या हातात केवढी ताकद आहे बघा. तो ‘काही नाही साहेब, घरचंच बोलतायत’ म्हणाला की ते घरचंच.

सोलापूरच्या तुरुंगात 1931 साली चार हुतात्म्यांना फाशी जाताना पाहणारा रक्षक लिहितोय. संदर्भ द्याल? — सोलापूर

थांबा, आधी जागा बदला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली ती येरवड्यात. तुमचा रक्षक येरवड्याला नेमा, माणूस मात्र सोलापूरचा ठेवा. मे 1930 मधला मार्शल लॉ त्याच्या घरच्यांनी भोगलेला असू शकतो. जानेवारीतला तो दिवस संक्रांतीच्या, म्हणजे गड्ड्याच्या, अगदी तोंडावर येतो. घरी सिद्धेश्वराच्या यात्रेची तयारी आणि हा येरवड्यात पहाऱ्यावर. एवढं पुरे, त्याच्या तोंडी देशभक्तीचं भाषण घालू नका. त्याने भाषण केलं असतं तर त्या दिवशी त्याला तिथे उभा ठेवला नसता.

दोन टोळ्यांची मारामारी, नायक एकटा मध्ये उडी घेतो. चालेल? — माढा

नाही चालणार. तो आधी शिट्टी मारतो आणि आवाराचं दार लावून घेतो, स्वतः बाहेर राहून. मारामारी पसरू न देणं हे पहिलं काम, सोडवणं दुसरं. धोक्याची घंटा झाली की लाइनीतले सुटीवरचेसुद्धा पळत येतात, कुणी बनियनवर, कुणी अर्धी दाढी करून. पुरेशी माणसं जमली की मग सगळे मिळून आत. घंटेपासून तिथवरची चार-पाच मिनिटं तुमचा नायक गजाआडून एकाला मार खाताना बघत उभा असतो. आत जाताना मुख्य दरवाजा उघडतच नाहीत. त्यातली छोटी दिंडी उघडते, तीही मागचं दार बंद असल्याची खात्री करून. म्हणजे धावत आलेल्या प्रत्येकाला आधी थांबावं लागतं, टोपी हाताने धरून वाकावं लागतं, आणि मगच पळता येतं.